बंद घरांची एमान

मुग्धाने ते घर पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा गाडीतून उतरायच्या आधीच तिचं मत झालं होतं. पाडून टाका.

फाटकाचा निळा रंग पोपडे धरून गळत होता. कुंपणाला टेकून कुणीतरी जुना सोफा आणि दार निखळलेला फ्रीज आणून ठेवला होता. अंगणातलं सिद्रचं झाड, म्हणजे आपल्या बोरीचीच थोराड बहीण, कुणाचा धाक उरला नसल्यासारखं थेट गच्चीवर पसरलं होतं. पुढच्या खोलीच्या छताला इतके तडे होते, की मुग्धाने आत पाऊल टाकायच्या आधी बरोबरच्या अक्रमला बाहेरच थांबवलं.

मुग्धा पुण्याची, सिव्हिल इंजिनिअर. दुबईच्या एका कन्सल्टन्सीत तिने बरीच वर्षं उंच इमारतींवर काढली होती. तिथे जुन्या बांधकामाबद्दल एकच प्रश्न असायचा, प्लॉट मोकळा कधी होणार? मग तिच्या नवऱ्याला, निनादला, रास अल खैमाच्या एका सिरॅमिक कारखान्यात चांगली जागा मिळाली. घर तिकडे हललं. मुग्धाला तासाभराच्या अंतरावरच्या एका किनाऱ्यावरच्या गावात, तिथल्या नगरपालिकेत नोकरी लागली. नगरपालिकेला तिथे सगळे बलदियाच म्हणायचे. विभाग नवाकोरा होता आणि माणसं तीनच. मुग्धा, मोजमापं आणि फोटो सांभाळणारा पेशावरचा अक्रम, आणि विभागाची प्रमुख एमान.

काम होतं बंद घरं उघडण्याचं. गावातली बरीच कुटुंबं बाहेरच्या बाजूला, मोठ्या नव्या घरांत राहायला गेली होती. समुद्राकडच्या जुन्या गल्ल्यांतली त्यांची घरं कुलपं लावून तशीच पडली होती. आणि त्याच गावच्या इस्पितळातल्या नर्सेस, शाळेतले शिक्षक रोज लांबून बसने यायचे, कारण गावात भाड्याने घरच मिळत नव्हतं. तेव्हा बलदियाने ठरवलं, की नवी वसाहत बांधण्याआधी ही कुलपं काढून पाहायची. मालकाने पाच वर्षांसाठी घर द्यायचं, बलदियाने ते दुरुस्त करून गावात काम करणाऱ्या कुटुंबाला राहायला द्यायचं, आणि मुदत संपली की मालकाला धडधाकट घर परत. ऐकायला सोपं. बाकीचं ऑफिस मात्र या विभागाला हसून भुतांचं खातं म्हणायचं.

मुग्धाने दोन दिवसांत रिपोर्ट लिहून एमानच्या टेबलावर ठेवला. बांधकाम धोकादायक, पाडण्याची शिफारस.

एमान पंचेचाळिशीची, या गावातच वाढलेली. अंगात पायघोळ काळा अबाया आणि पायात धुळीने पांढरे पडलेले स्पोर्ट्स शूज. हिंदी अस्खलित बोलायची. लहानपणी वडिलांच्या दुकानात मुंबईचे व्यापारी यायचे, त्यांच्याकडून ती ते शिकली होती. तिने रिपोर्ट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि मुग्धाकडे परत सरकवला.

"काय खराब आहे ते सगळं लिहिलंयस. आता काय चांगलं आहे तेही लिहून आण."

"मॅडम, असं कुणी विचारत नाही. सेफ आहे की नाही, एवढंच..."

"मी विचारतेय ना." एमानच्या आवाजात राग नव्हता. "पाडायला एक सकाळ पुरते, मुग्धा. मग तिथे गाड्या लागतात. आमच्या गावात पार्किंग भरपूर झालंय. माणसं कमी झालीत."

मुग्धाला ते बोलणं छान वाटलं, पण पटलं नाही. ही बाई हळवी आहे, असं तिने मनाशी ठरवलं.

घराचे मालक दोघं भाऊबहीण होते. भाऊ अहमद, बंदरावरच्या नोकरीतून निवृत्त होऊन आता अबू धाबीला, खलिफा सिटीत राहणारा. बहीण गावातच, त्या घरापासून तीन गल्ल्या सोडून. तिला सगळे उम्म सालेम, म्हणजे सालेमची आई, याच नावाने ओळखायचे. वडील गेले त्यानंतर दोघांचं बोलणं तुटलं होतं, आणि तेव्हापासून घराला कुलूप होतं. किल्ली बहिणीकडे.

अहमदला फोन मुग्धानेच लावला. तो बंदरावर शिकलेल्या हिंदीत, घाईत असल्यासारखा बोलला. "इंजिनिअर, तुम्ही धोकादायक लिहा, खलास. बलदियाने पाडलं की प्रश्नच मिटला. कुणाला कुणाशी बोलायला नको."

"तुम्ही एकदा येऊन बघणार का?"

"मी त्या घरात येत नाही," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

उम्म सालेमकडे एमान मुग्धाला घेऊन गेली. मुग्धाने फाइल, नकाशे, फोटो सगळं बरोबर घेतलं होतं. एमानने ते गाडीतच ठेवायला लावलं. आत खजूर आले, वेलदोड्याच्या वासाची फिकट कॉफी आली. एमान आणि उम्म सालेम तिच्या दुखऱ्या गुडघ्यांवर बोलल्या, कुठल्या बोटीने कसली मासळी आणली त्यावर बोलल्या, नातवाच्या लग्नावर तर फारच बोलल्या. घराचा विषय निघालाच नाही. पुढच्या आठवड्यात एमान आणि मुग्धा पुन्हा गेल्या. पुन्हा कॉफी, पुन्हा गुडघे. तिसऱ्या खेपेनंतर गाडीत बसताना मुग्धाला राहवलं नाही.

"मॅडम, आपण कामाला कधी लागणार?"

"लागलोय की." एमानने पट्टा लावला. थोडं अंतर गेल्यावर तिने विचारलं, "तुझं इंडियात घर आहे?"

"पुण्यात. फ्लॅट आहे."

"कोण राहतं तिथे?"

"कुणी नाही. आम्ही सुट्टीत जातो तेव्हा उघडतो."

"भाड्याने का नाही देत?"

"लोक घराची वाट लावतात, मॅडम."

एमान खळखळून हसली. त्या हसण्यात टोमणा नव्हता, ओळख पटल्याचा आनंद होता. "इथला प्रत्येक मालक मला हेच सांगतो. अगदी याच शब्दांत."

मुग्धाला ते लागलं. संध्याकाळी तिने निनादपाशी विषय काढला. "अगं, पण तिथे आपल्या गाद्या आहेत, पातेली आहेत, ती कुठे ठेवायची?" तो म्हणाला. दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी लॅपटॉपमधून मान वर न करता त्यांची मुलगी शुभ्राच बोलली, "मम्मा, वुई गो देअर लाइक वन्स अ इयर. सम इयर्स नॉट इव्हन दॅट." महिनाभरात पातेली मुग्धाच्या भावाकडे गेली आणि पुण्यात नव्याने नोकरीला लागलेल्या दोन मुली त्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. मुग्धाला वाटलं होतं रुखरुख लागेल. लागली नाही. उलट गॅलरीत वाळत घातलेल्या ओढण्यांचा फोटो त्या मुलींनी पाठवला, तेव्हा तिला उगाचच बरं वाटलं.

चौथ्या भेटीत कॉफीचा पेला खाली ठेवून उम्म सालेमच म्हणाली, "एमान, तू काय मागायला येतेस ते माझ्या सुनेलासुद्धा ठाऊक आहे. किती दिवस कॉफी पिणार आहेस?"

"तुम्ही पाजाल तितके दिवस."

म्हातारी हसली. आत जाऊन तिने किल्ली आणली, पण ती हातात देताना दोन क्षण सोडली नाही. "पाडायचं नाही."

"तुम्हाला विचारल्याशिवाय एक वीटही हलणार नाही," एमान म्हणाली. "ही मुलगी फक्त नीट पाहणार आहे. मागच्या खेपेला घाईत पाहिलंय तिने."

मुग्धाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण ते खरंच होतं. मागच्या खेपेला फाटकाचा गंजलेला कोयंडा हातानेच निघाला होता, पुढच्या खोलीचं दारही वाळवीने कधीच खाल्लं होतं. तेवढ्यावरच ती परत फिरली होती. मागच्या खोल्यांना कुलूप होतं आणि ते उघडून पाहावं असं तिला वाटलंही नव्हतं.

या वेळी तिने अख्खी सकाळ घराला दिली. हातात हातोडी घेऊन एकेक भिंत ठोकत गेली. पुढच्या खोलीचं छत गेलेलंच होतं. त्या काळी काँक्रीटमध्ये समुद्राची वाळू घालत, तिच्यातल्या मिठाने आतल्या सळया फुगून फुटल्या होत्या. हातोडी मारली की पोकळ, भदभद आवाज यायचा. पण भिंती जाड होत्या, सरळ होत्या. आणि अंगणापलीकडच्या मागच्या तीन खोल्या नंतर बांधलेल्या, दुसऱ्याच कुणी, नेटक्या हाताने. तिथे हातोडी खणकन वाजली. मुग्धा पुढे सरकली, पुन्हा मारली, पुन्हा खणकन. शिडीवरून अक्रम ओरडला, "मॅडम, ये तो पास हो गया!"

ती अंगणात येऊन उभी राहिली. बाहेर रस्ता तापला होता, पण इथे झाडाखाली वारा खेळत होता. समुद्राकडून येणारी झुळूक बोळातून आत यावी म्हणून फाटक मुद्दाम त्या कोनात बसवलं होतं. इतकी वर्षं तिने ज्या इमारती बांधल्या, त्यांतल्या एकीलाही वारा कुठून येतो हे कुणी विचारलं नव्हतं. तिने नवा रिपोर्ट लिहिला. पुढचं छत काढून नवं घालावं, बाकीचं घर राहण्याजोगं आहे. काय चांगलं आहे त्याची दोन पानं झाली.

ते वाचून एमान म्हणाली, "आता वीज जोडून घेऊ. वायरिंग तपासायला हवं ना?"

"हो, पण त्याला तासभर पुरेल."

"संध्याकाळी तपास. आणि फाटकावरचा दिवा चालू राहू दे."

मुग्धाने कारण विचारलं नाही. उन्हं उतरल्यावर तिने मुख्य स्विच वर केला. मागच्या खोल्या उजळल्या. मग फाटकावरच्या काचेच्या गोळ्यात अक्रमने बसवलेला नवा दिवा लागला. गल्लीत सायकल चालवणारी मुलं थबकली. समोरच्या घरातली बाई दार उघडून बाहेर आली आणि तिने फोन कानाला लावला. सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाली, माणसं मशिदीकडे निघाली, आणि प्रत्येक जण त्या फाटकाशी पाऊल हळू करत गेला.

उम्म सालेम आली ती जवळजवळ धावतच. गुडघ्यांची तक्रार कुठल्या कुठे. एका पायात चप्पल तिची होती, दुसऱ्या पायात बहुधा सुनेची. "आत कोण आहे?" तिने विचारलं, आणि दिव्याकडे बघत फाटकातच उभी राहिली. मग हळूच पायरीवर बसली. एमान तिच्याशेजारी बसली.

अहमदला शेजाऱ्यांचे फोन गेले होते. तो दुसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर पोचला, रागाने लालबुंद होऊन. "कुणी परवानगी दिली? कोण राहतंय इथे?" असं ओरडतच गाडीतून उतरला. फाटकाशी आला आणि पायरीवर बहीण दिसताच त्याचा आवाज बसला. ती त्या दिवशीही येऊन बसली होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही मुग्धाकडे वळली, जणू गल्लीत तेवढी एकच व्यक्ती आहे.

"मुग्धा," एमान शांतपणे म्हणाली, "यांना दोघांना घर दाखव. जे वाईट आहे ते आधी."

मुग्धा इंजिनिअर होती, असल्या प्रसंगांचा अभ्यासक्रम तिने कुठे केला नव्हता. पण हातात हातोडी होती. तिने पुढच्या खोलीच्या दारातूनच छताला काठीने टोचून दाखवलं, खपली खाली पडली. मग त्यांना मागे नेलं आणि भिंतीवर हातोडी मारली. एमान तिचं हिंदी अरबीत सांगत होती; मुग्धाला अरबी बोलता यायचं नाही, पण कळायचं.

"या खोल्या मजबूत आहेत. नंतर बांधलेल्या दिसतात."

"माझ्या लग्नाच्या वर्षी," अहमद मुग्धाला म्हणाला.

"त्याला सांग, त्याच्या लग्नाच्या आधी," उम्म सालेमही मुग्धालाच म्हणाली. "सालेम तेव्हा रांगत होता. ओल्या सिमेंटवर गेला होता."

"तिला सांगा, ते सिमेंट विहिरीजवळचं. या खोलीचं नाही."

"विहिरीजवळ सिमेंट होतंच कधी?"

"होतं! बाबांनी मला ओतायला लावलं होतं, तू तेव्हा सासरी होतीस!"

"मी रोज इथे असायचे!"

मुग्धा मध्ये उभी होती, एकदा इकडे, एकदा तिकडे बघत. आता तिला कुणी काही सांगत नव्हतं. भांडण थेट चाललं होतं. अक्रमने कॅमेरा खाली केला होता. एमान खिडकीबाहेर बघत होती, पण तिच्या खांद्यांवरून मुग्धाला कळलं की ती श्वास रोखून ऐकते आहे.

मग अहमद थांबला. भिंतीला हात टेकून म्हणाला, "तू मला म्हणालीस, मी या घरात पाहुणा आहे. बाबांच्या शेवटच्या दिवसांत. जहाजं लागलेली, मला सुट्टी मिळेना, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस."

"म्हणाले," उम्म सालेम म्हणाली. "एकटी होते मी त्यांच्यापाशी. थकले होते." मग तिचा आवाज बारीक झाला. "किल्ली मी ठेवून घेतली, ती तू मागायला यावंस म्हणून. तू आलाच नाहीस."

अहमदने बहिणीचं डोकं आपल्या हातांत धरलं आणि कपाळाला ओठ लावले. मुग्धा आणि अक्रम अंगणात निघून आले. एमान त्यांच्या मागून आली. तिने रुमाल काढून आधी डोळे पुसले आणि मग त्याच रुमालाने शूजवरची धूळ झटकली.

"मॅडम," मुग्धाने विचारलं, "दिवा लावला की दोघं येतील हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही गं. याआधी एका घराला लावला होता, तिथे कुणीच आलं नाही. आता तिथे पार्किंग आहे."

दोघांनी पाच वर्षांसाठी घर दिलं. हिवाळाभर काम चाललं. पुढचं छत काळजीपूर्वक उतरवलं, नवं घातलं. झाडाच्या गच्चीवर आलेल्या फांद्या तेवढ्या छाटल्या, बाकीच्याला हात लावू द्यायचा नाही अशी उम्म सालेमची सक्त ताकीद होती. ती रोज येऊन गवंड्यांवर देखरेख करायची. अहमद दर शुक्रवारी अबू धाबीहून यायचा, आणि विहीर नेमकी कुठे होती यावरून दोघांचं पुन्हा वाजायचं. मुग्धा रास अल खैमाला परतायला उशीर करू लागली. निनाद एकदा म्हणाला, "टॉवर बांधत होतीस तेव्हा तू घरी येऊन त्यांच्याबद्दल एक शब्द बोलायची नाहीस." ते तिच्याही लक्षात आलं नव्हतं.

उम्म सालेमची एकच अट होती. घरात कोण येणार त्याला ती स्वतः बघणार.

इस्पितळाने सुचवलेली नर्स ड्यूटी संपवून, युनिफॉर्मवरच आली. बरोबर नवरा होता, सिमेंटच्या कारखान्यात फोरमन. दोघांचं आपसातलं कुजबुजणं ऐकून मुग्धाने चमकून पाहिलं. नर्मदा आणि सोमनाथ, देवरूखजवळचे. या कुटुंबाच्या निवडीत मुग्धाचा काहीच हात नव्हता, आणि तसा आहे असं कुणाला वाटू नये म्हणून तिने तोंड मिटून ठेवलं. उम्म सालेम नर्मदाशी तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत बोलली.

"बच्चे कितने?"

"दो. मुलगा आणि... लडका और लडकी. गाव में हैं, सास के पास."

"गाव में क्यों?"

नर्मदाने सोमनाथकडे पाहिलं. "यहाँ हम एक कमरे में हैं, अम्मा. दूसरी फॅमिली के साथ. बीच में पडदा लगाया है."

उम्म सालेमने अरबीत एमानला काहीतरी विचारलं, आणि उत्तर ऐकून ती चांगलीच संतापली. आई इथे लोकांच्या मुलांना सुई टोचते आणि तिची मुलं समुद्रापलीकडे, हे कसलं? मग तिने नर्मदाच्या हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. "ये बच्चों का कमरा. हवा अच्छी. खिडकी रात को खुली रखना."

नर्मदा खिडकीपाशी गेली, तिचं दार उघडलं, पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. मुग्धाच्या नावावरून तिने ओळखलंच असावं; तिच्याकडे वळून ती पहिल्यांदाच मराठीत बोलली. "ताई, हे खरंच आम्हाला देणार? पाच वर्षं कुणी ऊठ म्हणणार नाही?"

"कुणी नाही म्हणणार," मुग्धा म्हणाली.

मुलं मार्चमध्ये आली. एका सकाळी मुग्धा नव्या छताची शेवटची तपासणी करायला गेली, तर फाटक सताड उघडं होतं. धाकटी मुलगी सिद्रखाली पडलेली फळं फ्रॉकच्या ओच्यात गोळा करत होती. उम्म सालेम खुर्ची टाकून बसली होती आणि कुठलं पिकलं, कुठलं कच्चं ते काठीने दाखवत होती. तिला मराठी येत नव्हतं आणि मुलीला अरबी. तरी दोघींचं काम चोख चाललं होतं. मुलीने एक फळ मुग्धाच्या हातावर ठेवलं. "मावशी, खा. बोरासारखंच लागतं."

मुग्धाने ते खाल्लं. थोडं आंबट होतं. शिडी लावून ती छतावर गेली. वरून तिला गल्लीच्या टोकाशी एमान दिसली. ती दुसऱ्या एका बंद घराच्या फाटकाशी कुणा म्हाताऱ्याशी बोलत होती. म्हातारा जोरजोरात मान हलवून नाही म्हणत होता. एमानने ते सगळं ऐकून घेतलं, आणि मग दोघं बोलत बोलत त्याच्या घराकडे वळली, बहुधा कॉफीला.